‘गॅस देणार’ ऐकलं आणि आईंनी ऑपरेशनच नको म्हटलं

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. पित्ताशयात खडे आहेत, दोनदा भयंकर दुखलं, म्हणून दुर्बिणीने ऑपरेशन करायचं ठरलंय. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. सर्जन बोलता बोलता म्हणाले, ‘‘पूर्ण भूल देऊ, गॅस देऊन.’’ आईंनी तिथेच पदराने नाक झाकलं आणि घरी येऊन सांगितलं, ऑपरेशन नको. आमच्या घरचे १९८४ साली भोपाळला होते. सासऱ्यांची नोकरी तिथे, माझे मिस्टर तेव्हा दोन वर्षांचे. त्या रात्री आई त्यांना कडेवर घेऊन पळाल्या होत्या. गॅस हा शब्द त्यांना अजून चालत नाही, स्वयंपाकघरातल्या शेगडीलाही त्या चूलच म्हणतात. त्यात समोरच्या काकूंनी सांगितलं की त्यांच्या दिरांची भूल उतरलीच नाही. आता आई म्हणतात, पाठीत सुई द्या, मी जागी राहीन. मिस्टरांचं म्हणणं, ‘पाठीत सुई देणार’ असंच त्यांना सांगू, आत नेल्यावर डॉक्टर काय ते करतील. असं केलं तर चालेल का? या गॅसने खरंच काही होत नाही ना? थंडीत त्यांना जरा धाप लागते, पण ते नेहमीचंच आहे. आणि हो, आई विचारतायत की ऑपरेशननंतर पोहे कधी खाता येतील.
एक सून, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, तेही ‘पण ते नेहमीचंच आहे’ अशी शेपटी लावून लिहिलंत. चौऱ्याऐंशीची ती रात्र आणि दर थंडीत लागणारी धाप, या दोन गोष्टी भूल देणाऱ्या डॉक्टरला एकत्र कळायला हव्यात. इंदुरात मी पस्तीस वर्षं भूल देण्याचंच काम केलं. दमा, हृदयविकार असं काही फाइलवर लिहिलेलं असलं की आम्ही तयारीत असतो. फसगत होते ती ‘नेहमीचंच’मध्ये, कारण ते फाइलवर कुणी लिहीत नाही.

२ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळच्या हवेत पसरलं ते मिथाइल आयसोसायनेट. ते ओलाव्याशी चिडतं. डोळे, घसा, फुप्फुसं, शरीरात जिथे ओल तिथे ते भाजत जातं. त्या रात्रीतून वाचलेल्या अनेकांच्या फुप्फुसांवर त्याच्या खुणा कायमच्या राहिल्या. तुमच्या सासूबाईंच्या राहिल्यात का, हे तपासल्याशिवाय बोलू नये, आणि तपासायला फार काही लागतही नाही. छातीचा एक्स-रे, बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन, आणि नळीत जोरात फुंकायची ती पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणारी तपासणी. त्याआधी घरीच एक गोष्ट बघा. दोन जिने न थांबता चढतात का? राजवाड्याच्या बाजारात तुमच्या बरोबरीने चालतात, की दर दुकानापाशी साड्या बघायच्या निमित्ताने थांबतात? धाप लपवायची ती जुनी रीत आहे. माझी आई हेच करायची, आणि मी डॉक्टर असून मला ते वर्षभर कळलं नव्हतं.

छातीच्या डॉक्टरांना गरज वाटली तर ते ऑपरेशनच्या आधीच श्वासातून औषध ओढायचा पंप सुरू करतील. खोकला, कफ, ताप असं काही असेल तर तारीख पुढे ढकलतील. पित्ताशयाला सूज नसेल, कावीळ नसेल, तर खडे दोन-तीन आठवडे थांबू शकतात, सर्जनशी बोलून घ्या. तेवढ्यात तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं आणा, ज्यात श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. ऑपरेशननंतर पोट दुखत असताना ते पहिल्यांदा हातात दिलं की कुणालाच जमत नाही. आधी घरी नातवंडांबरोबर पैज लावून खेळलेलं असलं की जमतं.

आता मिस्टरांच्या युक्तीबद्दल. नाही, चालणार नाही. संमतीपत्रावर सही आईंची असते, तुमची किंवा त्यांच्या मुलाची नाही. त्या शुद्धीत आहेत, त्यांना समजतं, तेव्हा कुठली भूल घ्यायची हे त्यांना खरं सांगूनच ठरलं पाहिजे. कायद्याचं राहू द्या, साधा विचार करा. पाठीत सुई मिळणार या भरवशावर त्या आत जातील. तिथे अनोळखी माणसं, तोंडावर हिरवे मास्क, थंडगार खोली, आणि कुणीतरी अचानक त्यांच्या नाकातोंडावर काहीतरी धरेल. ज्या बाईने त्या रात्री दोन वर्षांचं पोर छातीशी धरून धाव घेतली, ती काय करेल? हातपाय झाडेल. नाडी दीडशेला जाईल, बीपी चढेल, ज्या शांतपणे भूल द्यायची ती शांतता गेली. आणि सगळं नीट पार पडलं तरी शुद्धीवर आल्यावर त्यांना कळायचं ते कळेलच. पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तर त्या तुमच्यावर विश्वास ठेवतील का? मिस्टरांचा हेतू वाईट नाही, आईची काळजी आहे म्हणूनच ते असं म्हणतात. पण आईला फसवून टेबलापर्यंत न्यायचं, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा त्यांना नेमकं काय होणार ते सांगा. मी इथे लिहिते, तुम्ही वाचून दाखवा.

सगळी पंचाईत ‘गॅस’ या एका शब्दाने केली आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात गॅस म्हणण्यासारख्या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक पोटात भरतात तो कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीत असतो तोच. त्याने पोट फुगवलं की आत दुर्बीण फिरायला जागा होते. दुसरा ऑक्सिजन. आणि तिसरं भुलीचं औषध, जे खरं तर गॅस नाहीच. ते बाटलीतून येणारं पातळ औषध आहे, त्याची वाफ करून श्वासातून देतात. पण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सगळे ‘गॅस’ म्हणतात, मीही म्हणायची.

पाठीत सुई का नाही, हेही यातूनच कळतं. पोट फुगलं की श्वासाचा पडदा वर ढकलला जातो. टेबल डोक्याकडून उंच आणि एका बाजूला कलतं करतात. जागं राहून अशा अवस्थेत स्वतः श्वास घेणं अवघड, खांद्यात कळ मारते ती वेगळीच. निवडक रुग्णांत हे ऑपरेशन पाठीतल्या सुईवर केल्याची उदाहरणं आहेत, पण नेहमीची पद्धत पूर्ण भुलीचीच. आणि ज्यांना आधीच धाप लागते त्यांचा श्वास मशीनच्या ताब्यात असलेला मला तरी जास्त बरा वाटतो. तिथे प्रत्येक श्वास किती आत गेला, किती बाहेर आला, हे आकड्यांत समोर दिसतं.

तर आईंना आत नेतील. टेबल अरुंद असतं, एखादी उशी, वर गोल दिवा. बोटाला क्लिप, दंडाला बीपीचा पट्टा, छातीवर चिकट बटणं. हाताच्या शिरेत सुई आधीच लावलेली असेल. मग एक पारदर्शक मास्क नाकातोंडावर येतो. हा तो क्षण आहे ज्याची मला काळजी वाटते, म्हणून नीट ऐका. त्या मास्कमधून येतो तो नुसता ऑक्सिजन. तीनेक मिनिटं तो देतात, कारण झोप लागल्यावर श्वासनलिकेत नळी घालेपर्यंत मध्ये थोडा वेळ श्वास थांबलेला असतो, तेवढ्यासाठी फुप्फुसांत शिदोरी भरून ठेवायची. त्या मास्कमध्ये वाफ नसते, औषध नसतं. घाबरणाऱ्या रुग्णाला मी मास्क त्याच्याच हातात द्यायची. ‘‘आजी, तुम्हीच धरा. गुदमरलं तर बाजूला करा.’’ स्वतःच्या हातात असला की कुणी बाजूला करत नाही. तुमच्या भूलतज्ज्ञांना हे आधी सांगून ठेवा, भोपाळचं कारण सांगितलं तर कुणी नाही म्हणणार नाही.

मग शिरेतून झोपेचं इंजेक्शन. बहुतेक वेळा ते प्रोपोफॉल असतं, दुधासारखं पांढरं. हातात जरा चुणचुणतं. आई जपमाळ ओढत असल्या तरी पाच-सात मण्यांपुढे जाणार नाहीत, इतक्यात झोप लागते. आणि वाफेचं औषध सुरू होतं ते त्यानंतर. म्हणजे ज्या गॅसला त्या घाबरतात त्याचा वाससुद्धा त्यांना येणार नाही. तो सुरू होईल तेव्हा त्या झोपलेल्या असतील, आणि जाग येईल तेव्हा त्याचा फार थोडा अंश उरलेला असेल. मास्कमधून थेट वाफेनेच झोपवतात ते मुख्यतः लहान मुलांना, कारण मुलं सुई लावू देत नाहीत. ‘‘बघू हा फुगा कोण मोठा फुगवतो’’ म्हणायचं, आणि चौथ्या-पाचव्या श्वासाला फुगेवाला गाढ.

वाफेचं औषध सध्या बहुतेक ठिकाणी सेवोफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन असतं. मशीनवर त्याची एक जड पेटी बसवलेली असते. एकाचं औषध दुसऱ्याच्या पेटीत जाऊ नये म्हणून रंग ठरलेले, सेवोफ्लुरेनला पिवळा, आयसोफ्लुरेनला जांभळा. पेटीवर गोल बटण, त्यावर टक्के. चाळिशीच्या माणसाला श्वासातल्या शंभर भागांत सेवोफ्लुरेन दोन भागांच्या आसपास लागतं. वय वाढतं तसं कमी पुरतं, दर दहा वर्षांमागे साधारण सहा टक्क्यांनी कमी. म्हणजे सासूबाईंना सुनेपेक्षा कमी. ऑपरेशनभर भूलतज्ज्ञ डोक्यापाशी बसून हे बटण थोडं इकडे, थोडं तिकडे करत असतो. एक इंजेक्शन टोचलं आणि चहाला गेले, अशी आमच्याबद्दल लोकांची समजूत असते, त्याचा मला आजही राग येतो. भूल एकदाच देऊन होत नाही. श्वासागणिक द्यावी लागते, आणि द्यायची थांबली की माणूस जागा होऊ लागतो.

आता त्या रात्रीच्या गॅसमध्ये आणि यात फरक काय, हे आईंना असं सांगा. तो गॅस ओल्या जागेला चिकटला, तिथलं काही जाळलं आणि मागे खूण सोडून गेला. हे औषध फुप्फुसांतून रक्तात, रक्तातून मेंदूत जातं, आणि बटण बंद केलं की आलं त्याच वाटेने श्वासातून बाहेर पडतं. सेवोफ्लुरेनपैकी जेमतेम दोन ते पाच टक्क्यांवर यकृताची प्रक्रिया होते, बाकीचं जसंच्या तसं बाहेर. आणि एक गंमत सांगते. आकसलेल्या श्वासनळ्या सैल करण्याचा गुण या औषधात आहे. दम्याच्या रुग्णाला भूल देताना आम्ही सेवोफ्लुरेन आवर्जून निवडायचो. म्हणजे आईंच्या फुप्फुसांशी त्याचं वैर नाही, उलट जमतंच.

एवढं सगळं सांगूनही त्या ‘वाफ नकोच’ म्हणाल्या, तर पूर्ण भूल फक्त शिरेतून, प्रोपोफॉल पंपाने थेंबाथेंबाने चालू ठेवूनही देता येते. नळी आणि मशीनचा श्वास तेव्हाही असतो, फक्त वाफ नसते. सगळीकडे ती सोय आणि सराव असतोच असं नाही. विचारायला हरकत नाही.

समोरच्या काकूंच्या दिरांचं काय झालं हे मला माहीत असण्याचं कारण नाही. पण ‘भूल उतरली नाही’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्याचे दोन-चार अर्थ मला पाठ झालेत. रुग्ण मुळातच फार आजारी होता आणि ऑपरेशननंतर मुद्दाम व्हेंटिलेटरवर झोपवून ठेवला. किंवा शुगर फार खाली गेली. किंवा ऑपरेशनच्या सुमारास मेंदूचा झटका आला. किंवा किडनी कामाची नव्हती, म्हणून वेदनेची आणि स्नायू सैल करायची औषधं रेंगाळली. घरच्यांना दिसतं एवढंच की माणूस आत गेला आणि त्याने डोळे उघडले नाहीत. नाव भुलीचं होतं. वाफेचं औषध मात्र माणूस श्वास घेत असेपर्यंत, मग तो मशीनचा का असेना, आत बसून राहू शकत नाही.

धोका शून्य आहे असं मी लिहिणार नाही. ब्रिटनमध्ये, एरवी धडधाकट माणसाचं ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर निव्वळ भुलीमुळे मृत्यूची शक्यता लाखात एक धरतात. ऑपरेशन चालू असताना जाग येण्याची त्यांची २०१४ सालची मोजणी एकोणीस हजारांत एक अशी होती. तुमच्या सासूबाईंचं वय, शुगर, बीपी आणि ती धाप धरता त्यांचा हिशेब लाखात एक इतका सोपा नाही. किती, ते त्यांना तपासणारा भूलतज्ज्ञच सांगेल. फॉर्मवर ‘हाय रिस्क’ लिहिलेलं दिसलं तर घाबरून सही करू नका आणि घाबरून उठूनही येऊ नका. ‘रिस्क नेमकी कशाची, आणि तुम्ही त्यासाठी काय करणार आहात’ एवढं विचारा.

म्हणूनच भूलतज्ज्ञाची भेट ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. आपल्याकडे फिजिशियनकडून ‘फिटनेस’चा कागद आणला की झालं असं वाटतं. तो कागद हवा, पण त्याने तोंड उघडून बघितलेलं नसतं. भूलतज्ज्ञ आईंना तोंड पूर्ण उघडायला लावेल, मान मागे करायला लावेल, हलता दात आहे का बघेल. भुलीआधीच्या या तपासणीला पीएसी म्हणतात. तुम्हीच फोन करून म्हणा, ‘‘बेहोशीवाले डॉक्टर आधी भेटतील का?’’ ओटीच्या दारात पहिली भेट झाली तर भोपाळची गोष्ट सांगायला वेळ कुणाला आहे?

त्या भेटीत काय सांगायचं ते आधी घरी आठवा, कारण आपल्या बायका ‘काही नाही हो’ म्हणून मोकळ्या होतात. ‘याआधी ऑपरेशन?’ ‘नाही.’ आणि पोटावर कुटुंबनियोजनाच्या टाक्याची खूण. ते ऑपरेशन त्या मोजतच नाहीत! तेव्हा भूल कुठली दिली, नंतर काही त्रास झाला का, ते विचारा. घरात कुणाला भुलीत एकाएकी भयंकर ताप चढला होता का, हे आईंच्या माहेरीही विचारा. फार विरळा आजार आहे, पण रक्तात चालत येतो आणि या वाफेच्या औषधाने किंवा स्नायू सैल करायच्या एका इंजेक्शनाने उफाळतो. त्याच्यावर डँट्रोलीन नावाचं औषध आहे. आधी कळलं तर ही दोन्ही टाळूनच भूल देता येते. रात्री घोरताना श्वास मध्येच अडकतो का? मिश्री लावतात का? पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण ६७ वर्षांच्या मराठी बाईला मी हे विचारल्याशिवाय सोडत नाही. लावत असतील तर आजपासून बंद. अश्वगंधा, काढे, कुणी दिलेली पुडी, सगळं सांगा.

गोळ्यांचं मनाने काही करू नका. बीपीच्या गोळ्या बहुतेक सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, पण ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘सार्टन’ येतं त्या बऱ्याचदा आदल्या दिवशी थांबवतात. शुगरच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते साधारण तीन दिवस आधीच बंद करायला सांगतात. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती कधी थांबवायची ते सर्जन आणि हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. ‘ती पिवळी छोटी’ एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.

उपाशी राहण्यावर मात्र जरा थांबते. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं, कारण घशाचा पहारा तेव्हा झोपलेला असतो. पोटातलं आम्ल फुप्फुसं भाजून काढतं, आणि सासूबाईंच्या फुप्फुसांना आणखी भाजणं परवडणारं नाही. साधारण नियम असा. तळलेलं, तुपकट जेवण आठ तास आधी संपलेलं हवं, हलकं खाणं सहा तास आधी. दूध आणि दुधाचा चहा खाण्यातच धरायचा, सहा तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. शुगर जुनी असेल तर पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली तर ती पाळा. फक्त ‘रात्री बारापासून काही नाही’ एवढंच सांगून सोडलं तर पाण्याचं मुद्दाम विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसाला बारा-चौदा तास कोरडं ठेवण्यात काही शहाणपण नाही. आणि आदल्या रात्री पाहुण्यांना सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, फिरवायला नेलं तर आईंना घरी ठेवा. तळलेल्या कंदाचा गराडू बघून नाही म्हणणारा इंदुरी अजून जन्मायचाय.

आमच्याकडे आषाढी एकादशीला हर्नियाच्या एक आजी आल्या होत्या. सिस्टर हिंदी भाषक. तिने विचारलं, ‘‘अम्मा, कुछ खाया?’’ आजी म्हणाल्या, ‘‘नहीं बेटा, आज उपवास है.’’ सिस्टर खूश, कागदावर खूण केली. मी तपासायला वाकले तर आजींच्या ओठाच्या कडेला दाण्याचं कूट. ‘‘आजी, खिचडी?’’ ‘‘वाटीभरच हो. उपासाचीच होती.’’ ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, आणि आजी माझ्यावर रुसल्या त्या डिस्चार्जपर्यंत. तेव्हा घरात शब्द वापरताना ‘उपाशी’ म्हणा, ‘उपास’ म्हणू नका. उपास म्हटलं की आपल्याकडे चार पदार्थ जास्तच होतात.

सकाळी नथ, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र जे असेल ते घरी. नखांना रंग नको, क्लिपला ऑक्सिजन नीट वाचता येत नाही. कवळी असेल तर काढून, नाव लिहिलेल्या डबीत. चष्मा आणि कानाचं यंत्र मात्र बरोबर न्या आणि जाग येताच द्या.

ते का, तर वाफेचं औषध बाहेर पडलं तरी म्हातारी माणसं काही तास, कधी एक-दोन दिवस गोंधळलेली असू शकतात. रात्री ‘मी कुठे आहे’ म्हणतात, सलाईन ओढतात. आईंना भोपाळ आठवण्याची शक्यता धरून चाला. तेव्हा समोर ओळखीचा चेहरा हवा आणि कानावर ओळखीची भाषा. एकदा रिकव्हरीत सिस्टर एका मराठी बाईंना ‘‘अम्मा, आँख खोलो’’ म्हणून दहा मिनिटं हाका मारत होती. मी म्हटलं, ‘‘काकू, डोळे उघडा, पाणी आलंय नळाला.’’ खाडकन उघडले. बहुतेकांचा गोंधळ आपोआप निवळतो. वाढत गेला तर रात्रीच डॉक्टरांना सांगा, सकाळची वाट बघू नका.

मळमळ किंवा उलटी होऊ शकते, त्याला वाफेचं औषधही एक कारण आहे. बाईमाणूस, सिगरेट न ओढणारी आणि जिला गाडी लागते, तिला ही शक्यता जास्त. खंडव्याच्या रस्त्याला भेरूघाटात आई पिशवी हातात धरून बसत असतील तर ते पीएसीत नक्की सांगा, उलटी टाळायची औषधं आधीच देतात. थंडी वाजून कुडकुडणं नेहमीचं, पांघरुणाने थांबतं. नळीमुळे घसा एक-दोन दिवस खवखवतो. आणि खांदा दुखला तर ‘आत हात पिरगाळला’ असं म्हणू नका. पोटात भरलेल्या त्या सोड्याच्या गॅसने पडद्याला टोचलेलं खांद्याला जाणवतं, दोन-तीन दिवसांत जातं. धाप मात्र नेहमीपेक्षा जास्त वाटली, ओठ काळसर दिसले, छातीत दुखलं, तर लगेच हाक मारा. चोवीस तास तरी कुठल्या कागदावर सही, पैशाचा निर्णय, काही नको.

राहिले पोहे. पूर्ण जाग आली, मळमळ नसली की आधी घोटघोट पाणी, मग सर्जन सांगतील तसं पातळ आणि मऊ. सगळं ठीक असलं तर दुसऱ्या दिवशी बशीभर पोहे मिळायला हरकत नसावी, सर्जनला एकदा विचारून. पण घरचे, कमी तेलाचे. वर शेव नाही, आणि बाजूला जिलबी तर नाहीच. शुगर आहे ना त्यांना?